व्याजाचा दाखला

ड्रॉवर अडकला म्हणून आप्पांनी तो जोर लावून पूर्ण बाहेर ओढला, तेव्हा मागच्या फटीतून बँकेचा एक कागद खाली पडला. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या मुदत ठेवीच्या व्याजाचा दाखला.

आप्पांनी त्यावरचं वर्ष दोनदा वाचलं. रिटर्न भरायची शेवटची तारीख उलटून गेली होती. बाईंचं रिटर्न त्यांनीच तयार करून दिलं होतं आणि त्यात हे व्याज धरलेलं नव्हतं. म्हणजे जन्मभर शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या बाईंनी कागदोपत्री उत्पन्न लपवलं होतं. त्यांच्यामुळे.

कंपनीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाल्यापासून इमारतीतल्या सगळ्यांची रिटर्नं आप्पाच तयार करत. पैसे घेत नसत. लोक पिशवीभर कागद आणून द्यायचे, आप्पा जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून मोत्यासारख्या अक्षरात आकडे मांडायचे. झालेले कागद त्यांची सून कामावर जाता-येता ज्याचे त्याला पोचवायची. ऑनलाइन भरायचं काम लोक आपापलं करायचे. "आजवर एकालाही नोटीस आलेली नाही," हे आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाआधी ऐकवत.

सून एका करसल्लागाराकडे नोकरीला होती. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने विचारलं होतं, "आप्पा, एकदा नजर टाकू का यावर?"

"तू आपली कॉम्प्युटरवर नजर टाक," आप्पा चारचौघांत म्हणाले होते. "आमचं डोकं अजून शाबूत आहे."

सगळे हसले होते. तीही हसली होती. पुन्हा तिने विचारलं नाही.

ते आठवलं आणि आप्पांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"काय शोधताय?" स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला.

"काही नाही. पेन." त्यांनी दाखला घाईघाईने सदऱ्याच्या खिशात कोंबला.

जेवताना ते नुसता भात चिवडत राहिले. सुनेने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

"उकडतंय जरा."

तिने उठून पंखा वाढवला आणि त्यांचं ताट उचललं.

मग आप्पा बाईंना टाळू लागले. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की हे दाराआड थांबत. एकदा तर बाई समोरून येताना दिसल्या, तर चक्क बुटाची नाडी बांधायला वाकले. पायात बूट नव्हते. बाईंनी विचारलं, "काय आप्पा, काही पडलं का?" आणि आप्पा मान खाली घालून पुटपुटत निघून गेले. त्या संध्याकाळी त्यांना स्वतःचीच किळस आली. दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर ते जिना चढून वर गेले.

बाई साडीला इस्त्री करत होत्या.

"बाई, माझ्या हातून तुमचा घात झालाय." आप्पांनी दाखला साडीवरच ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. "सुधारून भरता येईल अजून. दंड बसला तर तो माझा. विसरलो, बाई. नुसता विसरलो. हा कागद तुम्ही माझ्या हातात दिलात, हेसुद्धा मला आठवत नाही."

बाईंनी इस्त्री बंद केली. "आधी बसा बघू. पाणी आणते."

"नको. एवढंच करा, आमच्या सुनेच्या कानावर हे जाऊ देऊ नका. तिला मी फार टोचून बोललोय. तिच्यापुढे उभं राहायला तोंड उरणार नाही मला."

बाईंनी दाखला साडीवरून उचलून बाजूला ठेवला. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला.

"ते व्याज रिटर्नमध्ये आहे, आप्पा."

"कसं असेल? दाखला तर माझ्याकडे..."

"तिने बँकेतून दुसरा काढून आणायला लावला मला."

"कुणी?"

"सगळ्यांचंच ती पुन्हा पहिल्यापासून करते. गेली कितीतरी वर्षं." बाईंना त्यांच्याकडे बघवेना. "आणि दर वेळी इथेच, अशीच उभी राहून हात जोडते, की आप्पांच्या कानावर जाऊ देऊ नका."