चौथी काच

"हिची एक काच कुठी गेली, बाई?"

गुणवंतरावांनी रेडिओची मागची फळी काढून बाजूला ठेवली होती. आत व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्यांसाठी जागा चार आणि काचा तीनच. चौथ्या जागी सात बारीक भोकं तेवढी दिसत होती.

धुरपता त्यांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर टेकली होती. डोक्यावर रेडिओची पेटी घेऊन ती पहाटे निघाली आणि सहा कोस जंगल तुडवत मूल गावाला आली होती.

"आमच्या माणसाजवळ हाय," ती म्हणाली.

तिचा माणूस म्हणजे कोलू. जंगलतोडीच्या कामावरचा. तिथल्या साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं हा बॅटरीचा रेडिओ कोलूला देऊन टाकला. तेव्हापासून बॅटरी न्यायला कोलू याच दुकानात यायचा.

गुणवंतराव मिशीत हसले. पेटी घरी आणि काच याच्याजवळ, मग हा तिचा काय दिवा लावणार होता, असं त्यांनी विचारलं. धुरपता हसली नाही.

"त्याचा वाटा म्हणून देल्ली. मले वाटलं, एक गेली तं तीन बोलतीन."

पण तीन बोलल्या नाहीत. घरी कोलूची आंधळी माय, नीलाबाई, खाटेवर पडून होती. सांजेला पेटी वाजली की पोरगा घरी आला असं ती समजायची आणि मगच चार घास खायची. आठ दिवस पेटी मुकी होती. आठ दिवस म्हातारी पेजेच्या पाण्यावर होती. आज वाजली नाही तर ती काही वाचत नाही, असं धुरपतानं सांगितलं.

गुणवंतरावांनी तिन्ही काचा उपसून चष्म्याजवळ धरल्या, आकडे वाचले. स्टेशन पकडणारी होती, मधल्या दोन होत्या. रिकाम्या जागेच्या तारा स्पीकरकडे गेलेल्या. म्हणजे गेली ती शेवटची, आवाज मोठा करणारी. अशी काच चांद्यालाही मिळत नाही, नागपूरहून मागवावी लागते, असं ते म्हणाले. धुरपताचं तोंड उतरलं.

मग त्यांनी खणातून पळसाच्या पानाची पुडी काढली. आत तशीच काच, हवा तोच आकडा. खालच्या सात काड्यांत लाल माती रुतली होती. शेतात पेरली होती की काय, असं पुटपुटत त्यांनी ती ब्रशनं झाडली, काच जागेवर दाबली आणि बटण फिरवलं. जराशी खरखर झाली, आणि नागपूरचं गाणं लागलं.

धुरपतानं पदर तोंडाला लावला. माय आता जेवेल, एवढंच ती दोनदा म्हणाली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "इतक्या लवकर कुठी भेटली, भाऊ?"

गुणवंतराव याचीच वाट पाहत होते. परवाच्या बाजारी कोलूच येऊन देऊन गेला, त्यांनी सांगितलं. बस म्हटलं तर बसला नाही, उन्हातच उभा राहिला. बायको पेटी घेऊन येईल, तिला लावून द्या, माय उपाशी आहे, एवढं बोलला आणि गेला.

"वाटा घेतला अन् वापस आणून देल्ला. चांगला माणूस हाय तुहा."

धुरपताचा हात पेटीकडे गेला होता, तो तिनं मागं घेतला.

"परवा?" ती म्हणाली. "भाऊ, आठ दिवस झाले त्याच्यावर झाड पडून. हे काच म्याच त्याच्या मुठीत ठेवली, अन् मंग माती लोटली."