सरकायचं कुणी

"आपण सरकायचं नाही," साहेब म्हणाले आणि खुर्चीत आणखी रेलून बसले.

नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यावर दोन ठिपके एकमेकांच्या रोखानं चालले होते. एक यांच्या कंपनीचा इंटरनेटचा उपग्रह, दुसरा समोरच्या कंपनीचा. दुपारच्या चहाच्या सुमारास दोघांच्या वाटा एकमेकींना छेदणार होत्या. टक्कर होईलच असं नव्हतं, पण धोका होता. अशा वेळी एकानं जरासं इंधन जाळून बाजूला व्हायचं असतं. कुणी व्हायचं, याचा कायदा नाही. एवढं मोठं आकाश, पण सगळ्या कंपन्यांना हवी ती नेमकी एकच गल्ली, आणि त्या गल्लीत आता पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

"सर, आपण वर सरकू या," उपग्रहाची इंजिनिअर म्हणाली. "फुटले तर दोन उपग्रह जाऊन भागणार नाही. तुकड्यांनी सगळी गल्लीच जाईल."

"मागच्या वेळी कोण सरकलं होतं?"

"आपण."

"मग? दर वेळी आपणच पडतं घ्यायचं? उद्या ते आपल्याला गृहीत धरतील."

तिनं ओठ आवळले. हा उपग्रह टेबलावर उघडा पडलेला असल्यापासून ती त्याच्यामागे होती. त्याचे पंख पहिल्यांदा उघडले तेव्हा ती याच खोलीत सगळ्यांसमोर रडली होती. साहेबांनी तो फक्त माहितीपत्रकावर पाहिला होता.

समोरच्या कंपनीत हेच काम तिचा सख्खा मोठा भाऊ करत होता. दर रविवारी दोघं आईकडे जेवायला एकत्र बसायची आणि कामाबद्दल चकार शब्द काढायची नाहीत. दोघांच्याही कंपन्यांनी तशी ताकीद दिली होती. शहाणी माणसं, निमूट भात कालवायची.

जेवणाची सुट्टी संपली आणि साहेबांना वरून फोन आला. उभ्यानं बोलताना त्यांचा ताठा हळूहळू उतरत गेला. फोन ठेवून त्यांनी टाय सैल केला.

"सरकवा. पण गुपचूप."

"म्हणजे?"

"त्यांना कळता कामा नये. आपण घाबरलो असं दिसलं, की बसले डोक्यावर."

"सर, ते पण सरकले तर? त्यांना एका शब्दानं सांगायला हवं. खाली गर्दी आहे, म्हणजे सरकलेच तर तेही वरच जाणार."

"ते सरकणाऱ्यातले नाहीत," साहेब म्हणाले. "हाडाचे आडमुठे आहेत."

स्वतःखेरीज आणखी कुणी आडमुठं असू शकतं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत असावं.

"मी भावाला फोन करते. दोन मिनिटं लागतील."

इतका वेळ कोपऱ्यात मोबाइल चाळत बसलेल्या कंपनीच्या वकीलबाईंनी मान वर केली. "अजिबात नाही. फोन केलात म्हणजे बाजूला होणं ही आपली जबाबदारी होती, असं मान्य केल्यासारखं होईल. बहीण म्हणून केलात तरी."

इंजिनिअरनं फोन हातात घेतला होता. दादाचं नाव पडद्यावर होतं, अंगठा त्यावर टेकवायचा तेवढा बाकी होता. साहेब बघत होते, वकीलबाई बघत होत्या. तिनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. नोकरी करणारी माणसं करतात तेच तिनं केलं, आणि उपग्रहाला वर जायचा हुकूम पाठवला.

उपग्रह बिचारा लगेच वर गेला.

साहेबांनी चहा मागवला. पहिला घोट घेईपर्यंत पडद्यावरचे दोन्ही ठिपके एकत्र आले आणि विझले. मग त्या जागी बारीक ठिपके उमटू लागले. कुणीतरी मूठभर राळ्याचे दाणे उधळावेत तसे ते दोन्ही अंगांनी पसरत गेले. साहेबांच्या हातातला कप तसाच राहिला.

टेबलावर उलटा ठेवलेला फोन थरथरला. तिनं कानाला लावला.

"तू वर गेलीस?" दादानं विचारलं.

"हो. तू?"

"मी पण. गुपचूप जा म्हणाले." पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "हिशेब काढून बघितला मी आत्ता. दोघंही जागेवर राहिलो असतो ना, तर उपग्रह एकमेकांना चुकवून गेले असते गं."

"मला सांगायचं ना, दादा."

"तू सांगितलंस?"

तिला रडू आलं, आणि रागही. कुणाचा, हे तिला नीट कळलं होतं, म्हणूनच तो गिळवेना.

पडद्याच्या कडेला लाल सूचना एकीखाली एक येऊ लागल्या. त्याच गल्लीतल्या यांच्या बाकीच्या उपग्रहांच्या वाटेवर आता हे तुकडे येत होते. प्रत्येक सूचनेशेजारी तोच प्रश्न होता: बाजूला होणार का?

"त्यांचाही गेला ना, नक्की?" साहेबांनी विचारलं.

"गेला, सर."

साहेबांचा चेहरा जरासा उजळला. त्यांनी कप खाली ठेवला, टाय पुन्हा वर ओढला आणि वकीलबाईंकडे वळले.

"त्यांना मेल टाका. म्हणावं, तुमचे तुकडे आमच्या वाटेत येतायत. ताबडतोब बाजूला घ्या. तोवर आपला एकही उपग्रह जागचा हलणार नाही."

इंजिनिअरनं फोन कानाशी आणखी दाबला. पलीकडे दादाच्या मागेही कुणीतरी खणखणीत आवाजात अशाच मेलचा मजकूर सांगत होतं.