राउटरची मालकी

रुचिरानं राउटरचं झाकण उचकटलं आणि मान वर केली, तर सासूबाई दारात उभ्या. कधी येऊन ठाकल्या कोण जाणे. चेन्नईत मैलापूरच्या त्या घरात त्रिपुरसुंदरीबाईंच्या पावलांचा आवाज कधी होतच नसे.

"काय करतेस गे त्याला?"

"दुरुस्ती."

"बिघडलं कुठं तें?" असं म्हणत बाईंनी खुर्ची ओढली आणि समोरच ठाण मांडलं.

बसा, आता उठू नका, असं रुचिरा मनातल्या मनात म्हणाली. दोन वर्षांत दोघी एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या. मुलानं परस्पर पसंत केलेली नाशिकची सून तंजावरी मराठी बोलणाऱ्या या बाईंना पहिल्या दिवसापासून खुपत होती. सुनेनंही जशास तसं वागण्यात काही कसर ठेवली नव्हती.

राउटर बिघडलाच नव्हता. बिघडला होता तो प्राणेश, तिचा नवरा. अंबत्तूरच्या ऑफिसात बसून त्याला आपल्या फोनवर सारं दिसे. घरात कोण काय बघतंय, किती वेळ बघतंय. मनाविरुद्ध काही झालं की बोट टेकवून तो नेट बंद करी. मागे तिची नोकरीची मुलाखत ऐन रंगात आली असताना असंच झालं. "लाइन खराब असेल," तो संध्याकाळी हसत म्हणाला. त्या हसण्यानं तिच्या डोक्यात गेलेली तिडीक अजून उतरली नव्हती. पासवर्ड बदलून पाहिला, तर त्यानं तो फिरवून परत आपला केला. मुलाखतीची वेळ त्याच्या कानावर कोणी घातली, हे रुचिरानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ती व्यक्ती आता समोर पाय हलवत बसली होती.

आज दुपारी दुसरी मुलाखत होती. ही नोकरी मिळाली तर स्वतःचा पगार, आणि पगार असला तरच या घरातून पाय बाहेर काढता येणार होता. खोलीत मोबाईलला रेंज नसे. गच्चीवर उन्हात बसावं तर लॅपटॉप तापून बंद पडे. नवा राउटर आणला असता, तर प्राणेशच्या नजरेला लगेच पडला असता. म्हणून हाच डबा वरून जसाच्या तसा ठेवायचा आणि आतून पालटायचा, असा तिचा बेत होता. कंपनीचं सॉफ्टवेअर काढायचं आणि त्या जागी खुलं सॉफ्टवेअर बसवायचं, ज्याची किल्ली तिच्याच हातात राहील. त्यासाठी आधी बूटलोडर बदलायला हवा होता, म्हणजे वीज आली की सगळ्यांत आधी जागा होणारा तो छोटासा प्रोग्राम. जुना बूटलोडर कंपनीचं सोडून दुसरं काही आत घेतच नव्हता. लग्नाआधी पुण्यात रुचिरा हेच काम करायची, त्यामुळे हात सराईत होता. भीती एकाच गोष्टीची. लिहिता लिहिता वीज गेली, की डबा परत उठायचा नाही. पण घराला इन्व्हर्टर होता.

तिनं बारीक वायरींनी डबा लॅपटॉपला जोडला.

"मग त्याला फोनवर दिसायचं नाही?" बाईंनी एकदम विचारलं.

रुचिरा चपापली. म्हातारीला इतकं कळतं, हे तिच्या गावीही नव्हतं. "नाही."

"अस्कंच? सगळंच? मी टॅबवर काय बघतें, तेंही?"

"काही म्हणजे काही दिसायचं नाही. जा, लावा त्याला फोन आणि सांगा सगळं."

फोन लावायची गरज पडली नाही. त्याचाच आला. "नेट? मज काय ठाऊक रे. सरी, बरं, बघतें," एवढंच बोलून बाईंनी फोन मांडीवर ठेवला आणि पुन्हा टक लावून बसल्या.

आता थांबून चालणार नव्हतं. तिनं कमांड दिली. जुना बूटलोडर पुसला गेला. नवा लिहिला जाऊ लागला, अगदी मुंगीच्या पावलानं. स्क्रीनवर अक्षरं सरकत होती आणि किती तरी महिन्यांनी तिला आपलं काहीतरी आपल्या हातात येतंय असं वाटत होतं. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं.

बाई उठल्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, सरळ स्विचबोर्डापाशी गेल्या आणि खटकन बटण बंद केलं.

राउटरचा दिवा विझला.

रुचिरा खुर्ची उलथवून धावली. बटण चालू केलं. दिवा लागला नाही. बंद केलं, पुन्हा चालू केलं. डबा ढिम्म. लॅपटॉपवरची अक्षरं अर्ध्यावर थिजली होती.

"काय केलंत हे!"

"बुधवार आहे गे. बारा वाजले, राहुकाळ लागला. त्यांत केलेलें काम टिकत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "दीडनंतर कर."

"दीडनंतर?" तिचा आवाज फाटला. "मेलं ते! आता ते कधीच चालू होणार नाही! माझी नोकरी गेली, सगळं गेलं!"

बाईंनी त्या उघड्या डब्याकडे पाहिलं.

"गप्प काय बसलात? राहुकाळ म्हणे! लेकाचं राज्य जात होतं, ते बघवलं नाही तुम्हाला. मोडायचंच होतं तुम्हाला हे, पहिल्यापासून!"

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. सुनेच्या वरताण आवाज चढवून त्या ओरडल्या,

"मज मोडायचं असतं, तर राहुकाळांतच होऊं दिलें असतें की गे!"