मुक्कामाची ओळ

"ह्ये काय हाय?" अप्पांनी वहीतल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"राहण्याचा खर्च. नव्वद रात्री, रोजचे सहाशे," सुकन्या म्हणाली.

"कोन देनार?"

"मी."

"कुनाला?"

"तिथल्या हॉटेलवाल्याला."

अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली आणि लेकीकडं असं बघितलं, की हिला कुणी भूल घातली का काय.

धुळाअप्पांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की मंगळवेढ्याकडचं गाव सोडायचं आणि आठ महिने मुलखात हिंडायचं. शेतकरी स्वतः आडवे यायचे, आज आमच्या रानात बसवा मेंढरं, म्हणून. रातभर मेंढरं बसली की रानाला लेंडीखत मिळायचं आणि सकाळी शेतकरी वर धान्य नाहीतर पैसे द्यायचा. मुक्कामाचे पैसे मिळतात, द्यायचे नसतात, हे अप्पांच्या डोक्यात अगदी पक्कं. पुढं चराई उरली नाही. दोन वर्षांपूर्वी कळप विकला आणि दोघं नवराबायको सोलापुरात लेकीकडं आली. आता अप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावर वॉचमन. एका जागी बसायचा पगार घेतात आणि त्याची त्यांना लाज वाटते.

सुकन्या सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात नोकरीला. तीन वर्षं मन मारून तिनं एक लाख दहा हजार साठवले होते. पाठीवर सॅक टाकून तीन महिने व्हिएतनाम हिंडायचं, बस, दुसरं काही मागणं नव्हतं. स्वस्त देश म्हणून निवडला, तरी खर्च एक लाख सत्तर हजारांवर जाऊन बसला. सोमवारी साहेबांना रजेचं पक्कं सांगायचं होतं. त्यात अप्पांनी हो म्हटल्याशिवाय तिचा पाय निघणार नव्हता. आणि तिला भीती होती की अप्पा म्हणणार, पोरीची जात, एकटी कुठं निघालीस.

अप्पा तसलं काही बोललेच नाहीत.

"हिंड की. हिंडायला कोन नगं म्हनतंय? पर पैशे दिऊन झोपायचं आसंल तर घरातच झोप. पावन्यारावळ्यांत तोंड दावायला जागा ऱ्हायाची न्हाय."

आई, म्हाळसाबाई, भाकरी थापत होती. "खरं हाय," ती म्हणाली. "लोक म्हनतील, धुळाच्या पोरीला कुनी रानात बसवून घेईना."

"आई, मी काय मेंढरू आहे का?"

"न्हाईस, त्येच तर," अप्पा म्हणाले. "मेंढरू रातभर बसलं तर रानाला खत दिऊन जातंय. तू झोपून उठलीस, तर त्येंच्या रानाला तुजा उपेग काय?"

सुकन्यानं वही मिटली आणि न जेवता ऑफिसला गेली. पण प्रश्न काही डोक्यातून हलेना. शेवटी दुपारच्या सुट्टीत तिनं मोबाइलवर शोधलं, तर अशा जागा खरंच होत्या. चार-पाच तास काम करा, राहणं-जेवण फुकट. व्हिएतनामच्या दक्षिणेला, आपल्याकडच्यासारख्या कोरड्या भागात, एका बाईकडं मेंढ्या होत्या आणि तिला मदतीला माणूस हवं होतं. अर्जात अनुभवाचा रकाना होता. सुकन्याचा अनुभव म्हणजे कॉम्प्युटरवर बिलं काढणं. खोटं लिहायला हात धजेना, म्हणून तिनं अप्पांचं लिहिलं. तीनशे मेंढरं, तीस वर्षं, लोकर कातरण्यापासून अडलेली मेंढी सोडवण्यापर्यंत सगळं. घोंगडं पांघरलेला अप्पांचा फोटोही जोडला.

रविवारी सकाळी उत्तर आलं. सुकन्या मराठी करून मोठ्यानं वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"वाच की म्होरलं," म्हाळसाबाई म्हणाली.

"आमच्या चाळीस मेंढ्या लंगडतायत. वडलांना पाठवा. राहणं, जेवण फुकट, वर पगार देऊ." सुकन्यानं शेवटची ओळ वाचली. "तुम्ही नाही आलात तरी चालेल."

तिला रडूच फुटलं. तीन वर्षं एकेक सिनेमा, एकेक साडी टाळून पैसे साठवले तिनं, आणि परदेशातनं बोलावणं कुणाला, तर ज्यांनी विमान फक्त रानात उताणं पडून बघितलंय त्यांना.

अप्पा मात्र ताठ बसले होते. कळप विकल्यापासून ते इतके ताठ कधी बसले नव्हते. "खुरं वाढली आसतील," ते म्हणाले. "कुनी छाटलीच न्हाईत. कवा निघायचं?"

"अप्पा, तुमचा पासपोर्ट नाही. अजून फॉर्म भरायचा, पोलीस घरी येणार, किती दिवस जातील कुणास ठाऊक."

"आन तवर मेंढरं लंगडत ऱ्हायाची?"

तिकडं ती चाळीस मेंढरं आपलीच असल्यागत तिघांना घोर लागला. धनगराच्या वाटचालीत रीत एकच असते. मेंढरं घेऊन गडी पुढं, घोड्यावर बिऱ्हाड लादून बाई मागं. म्हाळसाबाई तीस वर्षं अशीच मागनं चालली होती. अप्पांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा डोळे पुसणाऱ्या लेकीकडं बघितलं.

"बस हितं, खुरं कशी छाटायची ते शिकवतो," ते म्हणाले. "मेंढरं घिऊन तू म्होरं हो. बिऱ्हाड घिऊन म्या येतो मागनं."