शेजारणीची साक्ष

“आहे म्हणून लिहा! मी आहे की!” शिवणवाल्या ताईंनी डबा टेबलावर ठेवत ठणकावलं.

तपासणीला आलेल्या मुलीचं पेन थांबलं. पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकाकांनी सरकारी मदतनिसासाठी अर्ज केला होता. रोज माणूस येईल, उठवून बसवेल, आंघोळ घालेल, दोन घास रांधून जाईल. शेवटचा प्रश्न शेजाऱ्यांना विचारायचा होता : अर्जदाराकडे बघणारं कोणी आहे का?

“‘आहे’ लिहिलं की अर्ज इथेच बंद होतो, मावशी.”

“होऊ दे. सरकार कशाला मध्ये? देवाने मला भिंतीला भिंत लावून उगाच नाही ठेवलेलं.”

काका पलंगावर पडून होते. कमरेखालचं अंग लुळं पडल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ताई दोन वेळा डबा आणत, अंथरूण बदलत. बदल्यात त्यांनी कधी काही मागितलं नाही. मिळालं मात्र होतं. “तुमच्या देवाने जगाची पानं उलटसुलट शिवलीत,” म्हणणारा हा माणूस आता रोज सकाळी हात जोडायचा. भिंतीतून त्याची पुटपुट ऐकू यायची. प्रार्थनेला जमणाऱ्या बायकांना ताई हे तिखटमीठ लावून सांगत. दगडाला पाझर फोडला होता त्यांनी!

“ताई, ‘आहे’ म्हणू नका,” काका हळूच म्हणाले.

“का? माझं काही चुकलं?”

“चुकलं कुठे? पण तुम्ही नुसत्या शिंकलात तरी मला उद्याची धास्ती वाटते. मागे तीन दिवस तापाने पडलात. मी पाण्यावर काढले.”

“बोलला नाहीत कधी!”

“कोणत्या तोंडाने बोलू?”

ताईंचा चेहरा उतरला. तरी त्यांनी हट्टाने विचारलं, “आणि ती रोजची प्रार्थना?”

“तीच तर सांगतोय. एवढंच म्हणतो, देवा, हिला आजचा दिवस आजारी पाडू नकोस, माझ्यावर रुसू देऊ नकोस. स्वतःसाठी काही मागायची हिंमतच होत नाही.”

ताई पलंगाच्या कडेला टेकल्या. देवाच्या भीतीने आजवर त्या एका शब्दानेही खोटं बोलल्या नव्हत्या.

“मावशी, काय लिहू?”

“नाही म्हणून लिहा.”

“पण तुम्ही तर रोज येता ना?”

“मी माझ्या पुण्यासाठी येते, बाळा. यांच्यासाठी कोणीच येत नाही.”