दिवा धरणारी

"मुसळ थांबवा गं!" पोकुआ ओरडली. "पापांना इंजिन ऐकायचंय."

शेजारच्या अंगणात उकडलेल्या कंदांचा फुफू कुटणाऱ्या बाईनं मुसळ वरच्या वर धरलं. "सुरू तरी होणार का ते? नाहीतर आमचं जेवण आणि तुझं इंजिन, दोन्ही थंड."

आंब्याखाली जुना बेडफर्ड ट्रक उभा होता. कपाळावरच्या फळीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'कुणाला ठाऊक'. त्याचं इंजिन वर्षभर स्वयंपाकघराबाहेरच्या ओट्यावर सुटं पडून होतं. पोकुआनं ते एकटीनं बांधलं. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, सगळं. व्हॉल्व तर तिनं हातानं घासून बसवले, सूप उकळेपर्यंतच्या वेळात. पापांनी एका नटालाही हात लावला नाही. ते स्टुलावर बसून शेंगदाणे खात बघत राहिले.

पापा म्हणजे म्हातारे ओपोकू, कुमासी शहरातल्या फिटरांचे मास्टर. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे अर्धवट मिटायचे, की आतला रोग त्यांना कळलाच. शिकाऊ पोरानं एकट्यानं इंजिन बांधायचं आणि मास्टरांनी ते असं ऐकायचं. एक जरी खोट निघाली तर पुन्हा पुढच्या वर्षी. नाही निघाली तर मास्टर सगळ्यांदेखत त्याच्या डोक्यावर पावडरचा डबा उपडा करत. मग तो पांढराफटक होऊन रस्ताभर नाचे, आणि त्या दिवसापासून फिटर. अर्धं कुमासी या अंगणातून पांढरं होऊन बाहेर पडलं होतं.

पोकुआला मात्र दिवा मिळाला. ती लहान असताना या अंगणात पापांच्या कानाशीच एक टायर फुटलं आणि चाकाची लोखंडी रिंग भिंतीत जाऊन घुसली. तो खड्डा अजून आहे. त्या वर्षापासून मास्टर इंजिन ऐकायला वाकले की दिवा तिनंच धरायचा. शिकाऊ पोरांपैकी कुणी हात पुढे केला तर ते हाकलून द्यायचे, "तुझा हात मेलेला आहे." पोरांनी तिचं नाव दिवेवाली ठेवलं. चाळिशी उलटली तरी तेच. उभ्या उभ्या ती सगळं काम शिकली, पण ट्रकवाले तिनं बांधलेल्या इंजिनाला थोपटत विचारायचे, "झकास झालंय बाई. पण फिटर कोण?"

आज सकाळी तिनं पावडरचा नवा डबा आणून पापांच्या स्टुलाशेजारी ठेवला होता. सहजच. दुसरीकडे कुठे जागा नव्हती.

साक्षीला एक बाहेरचा फिटर लागतो, म्हणून बोन्सू आला होता. मास्टरांचा जुना शिकाऊ. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि त्याला शोभेलसं पोटही.

"काय गं दिवेवाली, ढकलायला माणसं बोलावू का?"

"लांब उभा राहा. पावडर उडेल तुझ्या इस्त्रीच्या शर्टावर."

तिनं पुढून हँडल मारलं. इंजिन खोकलं. पुन्हा मारलं. कोंबड्या पळाल्या, निळसर धूर उठला, आणि बेडफर्ड घुमायला लागला. एका लयीत, पोट भरलेल्या माणसासारखा. शेजारणीनं मुसळ खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

पापा उठले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. मग म्हणाले, "पोकुआ, दिवा आण."

बोन्सू हसत सुटला. "भर दुपारी, मास्टर? ऊन पडलंय!"

"दिवा आण म्हटलं ना!"

पोकुआचे कान तापले. आजसुद्धा. स्वतः बांधलेल्या इंजिनापुढे ती दिवा घेऊन उभी राहिली. पापा वाकले, मूठ कानाला लावली, डोळे अर्धवट मिटले. तिनंही कान दिला आणि राग विसरली. त्या घुमण्याच्या तळाशी काहीतरी टकटकत होतं. अगदी बारीक. मागच्या बाजूला. हातातला दिवा नकळत तिकडे कलला.

"शेवटचा टॅपेट," पापा म्हणाले.

"काय कान आहे!" बोन्सू चुकचुकला. "खोट निघाली गं. आता पुढच्या वर्षी."

पोकुआनं इंजिन बंद केलं, व्हॉल्ववरचा तो सैल टॅपेट नीट केला, हात पुसले आणि डबा आत नेऊन ठेवायला उचलला.

पापांनी तिचं मनगट धरलं. डबा तिच्या हातात तसाच ठेवून त्यांनी स्वतःची टोपी काढली आणि टक्कल तिच्यापुढे वाकवलं.

"मास्टर, उलटं होतंय!" बोन्सू ओरडला. "आणि खोट तर तुम्हीच काढलीत!"

"मी? ते टायर फुटलं तेव्हापासून मला बारीक आवाज येतच नाही रे. माणसांची बडबड येते, टॅपेटची नाही. हिचा दिवा जिकडे वळायचा, तिकडे मी बोट दाखवायचो. तुलाही हिनंच पास केलंय."

बोन्सूनं नकळत आपल्या डोक्यावरून हात फिरवला.

"मग माझ्यावर इतकी वर्षं पावडर का नाही टाकलीत?" पोकुआचा आवाज चिरकला.

"शिकाऊनं मास्टरला पास करायचं नसतं, पोरी," म्हातारा खालूनच म्हणाला. "टाक आता. मान दुखायला लागली."