रेघ मधोमध

"डावीकडे सरकलीय," सासरे म्हणाले.

"उजवीकडे. चष्मा पुसा बाबा," जावई म्हणाला.

इंजिन बैठकीच्या खोलीत लोखंडी घोडीवर उभं होतं आणि त्याच्या दोन बाजूंना दोघं समोरासमोर गुडघे टेकून बसले होते. सासऱ्यांची हयात वर्कशॉपमध्ये गेलेली. जावई कॉलेजात इंजिनं शिकवणारा. लेकीच्या गाडीचा कॅमशाफ्ट झिजला होता, तो दोघांनी मिळून बदलला. नव्या कॅमला जुने पुशरॉड, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे, चालतीलच असं नाही. नेमके किती लांब हवेत ते मोजावं लागतं. लेकीला सोमवारी परगावी नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. सहा वर्षं अर्ज करून मिळालेली नोकरी, आणि तिथवर बस जात नव्हती. शनिवारी गाडी दारात उभी करतो, असा सासऱ्यांनी शब्द दिला होता. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मोजायची रीत साधी. व्हॉल्व्हच्या टोकाला काळी शाई फासायची, आटे फिरवून लांब-आखूड होणारा मापाचा दांडा बसवायचा आणि इंजिन हाताने दोनदा पूर्ण फिरवायचं. शाईवर घासल्याची रेघ उमटते. ती मधोमध आली की माप जमलं. रेघ डावीकडे दिसली म्हणून सासरे दांडा अर्धा आटा लांब करत. उजवीकडे दिसली म्हणून जावई तो अर्धा आटा आखूड करी. मग पुन्हा शाई.

इंजिन फिरताना खोलीत कुणी हललं की फरशी थरथरते आणि माप चुकतं, असंही सासऱ्यांचं म्हणणं होतं. असलं कुठल्याच पुस्तकात नाही, असं जावयाचं.

सासूबाई चहा ठेवून जात, गार झालेला उचलून नेत. जेवायला आधी चार ताटं असत, मग तीन दिसू लागली. मध्येच कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला, जरा हात द्या म्हणाला. दोघं गेले, डावं-उजवं करतच काहीतरी जड उचललं आणि हात पुसत परत येऊन बसले.

शेवटी सासूबाई झाडू घेऊन आल्या.

"केर काढायचाय. दोघं एका बाजूला व्हा बघू."

दोघं एका बाजूला झाले. रेघ त्यांनी पहिल्यांदाच शेजारी शेजारी बसून पाहिली. ती दोघांनाही एकाच बाजूला दिसली. मग जावयाने खाकरून दांडा जरासा फिरवला, सासऱ्यांनी इंजिन दोनदा फिरवलं. रेघ उमटली. केसासारखी बारीक, अगदी मधोमध.

सासऱ्यांचे डोळे भरून आले. पोरीला हाक मार, असं त्यांनी बायकोला सांगितलं. म्हणावं, शनिवार अजून मावळला नाही, बापाने शब्द पाळला.

"आज बुधवार आहे," सासूबाई केर भरत म्हणाल्या.

लेक रविवारीच गेली होती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने तिच्या गाडीत दुसरं इंजिन बसवून दिलं होतं. ते उचलायला या दोघांनीच हात दिला होता.

जावई शाईकडे बघत राहिला. सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं.

"न सांगता गेली?" त्यांनी विचारलं.

"सांगून गेली की. इथे बॅग घेऊन उभी राहिली, 'येते' म्हणाली. तर तुम्ही दोघं एका सुरात म्हणालात, 'हलू नकोस.'" सासूबाईंनी सुपली उचलली. "मला बरं वाटलं हो. निदान एका गोष्टीवर तुमचं एकमत झालं."